दोरी, खुंटी आणि शिट्टी

जिंतूरहून जालन्याच्या रस्त्याला लागलं की वाटेत चारठाणा येतं. परभणी जिल्ह्यातल्या या गावात बाहेरचा माणूस येतो तो बहुधा देवळं पाहायला. चालुक्य-यादवांच्या काळातली दगडी मंदिरं, गोकुळेश्वराचं देऊळ, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाणारी बारव आणि गावाची ओळख होऊन बसलेला उंच कोरीव स्तंभ. गावात एके काळी तीनशे साठ देवळं होती, असं जुनी माणसं सांगतात. अशी बांधकामं उभी करणाऱ्या मुख्य कारागिराला जुन्या शिल्पशास्त्रात सूत्रधार म्हणत. सूत्र म्हणजे दोरी. खुंटी ठोकायची, दोरी ताणायची, काटकोन साधायचा आणि मगच पहिला दगड बसवायचा.

दोरी-खुंटी घेऊन जमिनीवर आकृती उमटवणारा आणखी एक माणूस गावात असतो. निदान असायला हवा. तो म्हणजे शाळेतले पीटीचे सर. पावसाळा सरत आला, तालुका पातळीच्या शालेय स्पर्धा तोंडावर आल्या, की हे सर सकाळीच मैदानावर हजर होतात. बरोबर चार मुलं, सुतळीचं बंडल, मोजपट्टी, लोखंडी खुंट्या आणि घमेल्यात फक्की. आधी गवत उपटायचं, खड्डे बुजवायचे. मग दोरीवर ३, ४ आणि ५ मीटरच्या खुणा करून त्रिकोण ताणला की बिनचूक काटकोन मिळतो आणि त्या एका कोपऱ्यावरून सगळं मैदान उभं राहतं. कबड्डीला १३ बाय १०, खो-खोला २७ बाय १६, व्हॉलीबॉलला १८ बाय ९ मीटर. भूमितीच्या तासाला पायथागोरसचा सिद्धांत घोकणाऱ्या मुलांना तो इथे आपल्या पायाखाली सापडतो.

खरी कसोटी लागते धावपट्टी आखताना. वळणावर बाहेरच्या पट्टीतल्या मुलाला आतल्यापेक्षा जास्त पळावं लागतं, म्हणून त्याला पुढून सोडायचं, एवढं सगळ्यांना कळतं. पण किती पुढून? पट्टीची रुंदी १.२२ मीटर. एका फेरीत दोन वळणं, म्हणजे दोन अर्धवर्तुळं, म्हणजे एक अख्खं वर्तुळ. रुंदीला 'पाय' (π) या स्थिरांकाच्या दुपटीने गुणलं की उत्तर येतं ७.६७ मीटर. दर पट्टीला तेवढं पुढे सरकायचं. आतल्या बाजूला उंच कड असलेल्या स्टेडियममध्ये पहिल्या पट्टीचं मोजमाप थोडं वेगळं धरतात, त्यामुळे दुसऱ्या पट्टीपुरता हा आकडा ७.०४ होतो. गंमत अशी की या गणितात वळणाची त्रिज्या लागतच नाही. मैदान मोठं असो की लहान, पूर्ण फेरीच्या शर्यतीत पुढे सोडायचं अंतर तेच राहतं. बालेवाडीचा ४०० मीटरचा ट्रॅक आणि खेड्यातल्या शाळेची २०० मीटरची मातीची पट्टी या हिशेबात सख्ख्या बहिणी आहेत. ज्याला हे माहीत नाही तो डोळ्याच्या अंदाजाने मुलं उभी करतो, आणि कुठली तरी मुलगी निव्वळ रेघ चुकल्यामुळे हरते.

हे गणित कुणीतरी शिकवलेलं असतं. ज्या अभ्यासक्रमात ते शिकवतात त्याचं नाव बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणातली पदवी. 'खेळायला काय शिकायचंय?' असा प्रश्न अजूनही घराघरात विचारला जातो. मुलगा बीएड करतो म्हटलं की पाहुणे मान डोलावतात, बीपीएड म्हटलं की 'म्हणजे शिट्टी वाजवायची ना?' असं म्हणतात. त्या शिट्टीमागे दोनशे वर्षांचा विचार उभा आहे, आणि त्यातला मोठा वाटा मराठी माणसांचा आहे.

आपल्याकडे शरीर कमावण्याची जागा म्हणजे तालीम. लाल माती, कोपऱ्यात मारुतीची मूर्ती, जोर, बैठका, जोडी, मल्लखांब. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा जीव दिला, तोही याच परंपरेतून. तालमीत शिकवायचा वस्ताद. वस्तादाची नजर पारखी असते. पन्नास पोरांतून तो एक पठ्ठ्या हेरतो, त्याच्यावर जीव टाकतो, त्याचा खुराक बघतो, त्याला फडात उतरवतो. उरलेली एकोणपन्नास आपापला व्यायाम करून घरी जातात. जी दुबळी आहेत, ज्यांचा पाय अधू आहे, ज्यांना मुळात तालमीची पायरी चढू दिली जात नव्हती, आणि सगळ्या मुली, त्यांचा तिथे विचारच नव्हता. शाळेतल्या शिक्षकाचं काम नेमकं याच्या उलट. त्याच्यापुढे साठ मुलांचा वर्ग उभा असतो आणि साठही जणांच्या अंगाला त्याला वळण लावायचं असतं. वस्तादापासून शिक्षकापर्यंतचा हा प्रवास या विषयाचा गाभा आहे.

त्या वाटेवरचं पहिलं मोठं पाऊल बडोद्यात पडलं. तिथल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्राध्यापक माणिकराव नावाचे गुरू होते. जुम्मादादांच्या या शिष्याने जुना आखाडा हाती घेतला आणि एका मातीवर एकटा घुमणारा व्यायाम रांगेत उभ्या केलेल्या शेकडो मुलांना एकाच वेळी करता येईल असा बसवला. त्याला सांघिक व्यायाम हे नाव पडलं. पलटणीतल्या इंग्रजी हुकुमांच्या जागी त्यांनी देशी भाषेतल्या आज्ञा रूढ केल्या. आज शाळेत झेंडावंदनाला 'सावधान' आणि 'विश्राम' ऐकू येतं, त्यामागे त्या पिढीची ही खटपट आहे. बडोद्यातूनच पुढे आबासाहेब मुजुमदारांच्या संपादनाखाली मराठी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड निघाले. जोर-बैठकांपासून जंबियापर्यंत सगळ्या विद्येची शब्दांत आणि चित्रांत नोंद करायची, म्हणजे ती एका वस्तादाबरोबर मरणार नाही, हा त्यामागचा हेतू.

माणिकरावांच्या हाताखाली १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक तरुण शिकत होता. तोच पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखला गेला. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि आसन-प्राणायामाचं प्रयोगशाळेत मोजमाप सुरू केलं. क्ष-किरण यंत्र, रक्तदाबाची नोंद, 'योगमीमांसा' हे नियतकालिक. योग डोंगरातल्या गुहेतून काढून शाळेच्या पटांगणावर आणायचा, तर त्याचे परिणाम आधी तपासले पाहिजेत, अशी त्यांची भूमिका होती.

तिकडे वऱ्हाडात अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, एक आखाडा सुरू केला. त्याचंच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. आखाडे तेव्हा गल्लोगल्ली होते. अमरावतीकरांचं वेगळेपण असं की त्यांनी शिकवणाऱ्यांना शिकवायला घेतलं. १९२०च्या दशकात सुरू झालेल्या उन्हाळी वर्गांना देशभरातून तरुण येत, महिना-दीड महिना राहत, व्यायामाचे प्रकार आणि ते शिकवण्याची रीत शिकत आणि आपापल्या गावी जाऊन शाखा काढत. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डी, मल्लखांब अशा देशी प्रकारांची प्रात्यक्षिकं केली. १९४९ मध्ये पथक स्वीडनला लिंगियाड या जिम्नॅस्टिक्सच्या मेळाव्याला गेलं.

लिंगियाड हे नाव ज्याच्यावरून पडलं तो पेर हेन्रिक लिंग. त्याने १८१३ मध्ये स्टॉकहोमला जिम्नॅस्टिक्सची मध्यवर्ती संस्था काढली. व्यायामशिक्षक तयार करण्यासाठीच चालवलेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या संस्थांपैकी ती एक. अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ या शिक्षकापुढे अडचण उभी राहिली: बाहेर बर्फ, आत कंटाळलेली मुलं. त्याने दोन टोपल्या टांगल्या आणि बास्केटबॉल जन्माला आलं. त्याच शाळेत शिकलेल्या विल्यम मॉर्गनने १८९५ मध्ये व्हॉलीबॉल रचलं, कारण त्याच्याकडे येणाऱ्या मध्यमवयीन मंडळींना बास्केटबॉलची धक्काबुक्की झेपत नव्हती. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत संध्याकाळी जाळी बांधून जे व्हॉलीबॉल रंगतं, त्याचं मूळ असं एका शिक्षकाच्या विचारात आहे. माझ्यापुढच्या या माणसांना काय झेपेल, हा प्रश्न त्याला पडला होता. चांगल्या व्यायामशिक्षकाला तो रोज पडतो.

भारतात या विषयाचं पहिलं महाविद्यालय मद्रासला उभं राहिलं. १९२० मध्ये हॅरी क्रो बक या अमेरिकन शिक्षकाने तिथल्या वायएमसीएमध्ये ते सुरू केलं. मग १९३१ मध्ये हैदराबाद, १९३२ मध्ये कलकत्ता आणि लखनौ. मुंबई प्रांताची पाळी आली १९३७ मध्ये. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने शारीरिक शिक्षणाचा विचार करायला समिती नेमली आणि अध्यक्षपद स्वामी कुवलयानंदांना दिलं. बडोद्याच्या आखाड्यात शिकलेला माणूस आता सबंध प्रांताच्या शाळांसाठी शिफारशी करत होता. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. तिचे प्राचार्य होते पी. एम. जोसेफ. पुढे १९५७ मध्ये, अठराशे सत्तावनच्या लढ्याची शताब्दी म्हणून, केंद्र सरकारने ग्वाल्हेरला झाशीच्या राणीच्या नावाने राष्ट्रीय महाविद्यालय काढलं आणि शारीरिक शिक्षणाची तीन वर्षांची पदवी सुरू केली, तेव्हा पहिले प्राचार्य म्हणून याच जोसेफांना बोलावलं. कांदिवलीच्या मैदानावरून निघालेली वाट थेट विद्यापीठाच्या पदवीपर्यंत पोचली, ती अशी.

त्यानंतरची वर्षं झपाट्याची. अमरावतीच्या मंडळाने १९६७ मध्ये पदवी महाविद्यालय सुरू केलं. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्रीय मंडळाने १९७७ मध्ये चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय काढलं. आखाडा, मग मंडळ, मग महाविद्यालय, असा तिथला क्रम. महाराष्ट्रातल्या जुन्या संस्थांचा हा वाण इतर प्रांतांत फारसा दिसत नाही. सरकारने इमारत बांधून माणसं नेमली असं इथे कमी घडलं. माणसं आधीच मैदानात होती, विद्यापीठ नंतर त्यांच्याकडे आलं.

मराठवाड्यात मात्र हा क्रम तुटलेला होता. परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. उच्च शिक्षणाची भाषा उर्दू, विद्यापीठ हैदराबादला. चारठाण्यासारख्या गावातून हैदराबादच्या व्यायाम महाविद्यालयात कुणी जाणं जवळपास अशक्यच. कांदिवली तर दुसऱ्या मुलखात. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं १९५८ मध्ये. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं १९९४ मध्ये, आणि परभणी जिल्हा त्याच्याकडे आला. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, खडकेश्वरला मराठवाडा सांस्कृतिक मंडळाचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे. मराठवाड्यातल्या शाळांना पीटीचे शिक्षक मिळाले ते अशा ठिकाणांहून. पुण्या-अमरावतीपेक्षा इथे एक-दोन पिढ्यांचा उशीर झाला, आणि तो अजून भरून निघालेला नाही.

आता हा अभ्यासक्रम असतो कसा ते बघू. बीपीएडला प्रवेश घ्यायचा तर आधी कुठल्याही शाखेची पदवी लागते आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. ही सीईटी निराळी आहे. नुसत्या पेपरवर भागत नाही, मैदानावर उतरून शारीरिक क्षमतेची चाचणी द्यावी लागते. पूर्वी अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर तो दोन वर्षांचा, चार सत्रांचा झाला.

दिवस पहाटे मैदानावर सुरू होतो. धावणं, उड्या, फेकी, मग सांघिक खेळ, दुपारी वर्ग. वर्गात शरीररचना आणि शरीरक्रिया, खेळाचं मानसशास्त्र, आहार, मोजमाप आणि मूल्यमापन, हालचालींचं यंत्रशास्त्र. भाला कोणत्या कोनात सुटला तर लांब जाईल, गोळाफेकीत ताकद पायातून खांद्यापर्यंत कशी चढते, हे वहीत आकृती काढून समजून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी अंगाने तपासायचं. योग आहे. लेझीम, डंबेल्स, टिपरी, मल्लखांबही अभ्यासक्रमात आहेत, आणि त्यांना गुण आहेत. ज्या लेझमीच्या तालावर गावाची मिरवणूक निघते, तिचे पवित्रे विद्यापीठाच्या परीक्षेत विचारले जातात, हे गावातल्या लेझीम पथकाला कुणी सांगितलं तर त्यांना नक्की आवडेल.

पण या दोन वर्षांचं सार सराव पाठांत आहे. विद्यार्थी-शिक्षकाला जवळच्या शाळेत जाऊन खरा वर्ग घ्यावा लागतो. आदल्या रात्री पाठाचं टाचण काढायचं: आधी अंग मोकळं करणारे व्यायाम, मग त्या दिवसाचं मुख्य कौशल्य, मग एखादा मनोरंजक खेळ, शेवटी शरीर शांत करणाऱ्या हालचाली. तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. मुलं साठ, चेंडू दोन. इथे नवशिक्या शिक्षक घामाघूम होतो. दोन चेंडूंवर बारा मुलं खेळली आणि अठ्ठेचाळीस मुलं बघत बसली, तर तो तास वाया गेला. मग तो शिकतो गट पाडायला: दोन गटांना चेंडू, एका गटाला दोरीवरच्या उड्या, एकाला रिले, एकाला तोलाचे व्यायाम, आणि दर सात मिनिटांनी शिट्टीवर जागा बदल. लंगडणाऱ्या मुलाला पंच करून बाजूला बसवायचं नाही. त्याला नेम मारण्याचा खेळ द्यायचा. वर्गातल्या सगळ्यात हळू मुलीलाही तासाच्या शेवटी घाम आला पाहिजे. परीक्षक मागे वही घेऊन उभे असतात आणि त्यांची नजर बघत बसलेल्या मुलांवर असते.

आणखी एक बारकी पण जीवाची गोष्ट. परभणीकडचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला वेगळं सांगायला नको. दुपारच्या तासाला मुलांना किती पळवायचं, पाणी केव्हा पाजायचं, घाम थांबून कातडी कोरडी आणि गरम लागू लागली, पोर असंबद्ध बोलू लागलं तर तो उष्माघात समजून लगेच सावलीत नेऊन अंगावर पाणी कसं घालायचं आणि दवाखान्याची गाडी कशी बोलवायची, हे शिकलेला माणूस शाळेत असणं आणि नसणं यात फार अंतर आहे. पाय मुरगळला की जोराने चोळायचं ही आपली जुनी सवय. शिकलेला शिक्षक पहिल्या दिवशी चोळू देत नाही. थंड पट्टी, विश्रांती आणि पाय उंचावर.

शिक्षक आणि प्रशिक्षक यांत लोक नेहमी गल्लत करतात. प्रशिक्षक तयार करणारी राष्ट्रीय संस्था पतियाळाला १९६१ मध्ये सुरू झाली, आणि तिचं काम वेगळं आहे: एक खेळ, निवडलेले खेळाडू, पदकाकडे नजर. वस्तादाची परंपरा तिथे नव्या शास्त्रासह पुढे चालली आहे आणि तिची गरज आहेच. पण प्रशिक्षकाकडे खेळाडू पोचण्याआधी कुणीतरी त्या मुलाला पळताना पाहिलेलं असावं लागतं. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्यपदक घेऊन आला. तो अॅथलेटिक्सकडे वळला तो बारावीनंतर लष्करात गेल्यावर. परभणीच्या ज्योती गवतेने २०१७ ची मुंबई मॅरेथॉन भारतीय महिलांत जिंकली. ही माणसं मराठवाड्याच्या मातीत उगवली. मग त्या मातीत न दिसलेली आणखी किती असतील, हा विचार मनातून जात नाही.

या विषयाचा एक भाऊ आहे, त्याच्याकडे आपलं फारच दुर्लक्ष झालं: रंजन. १९५० मध्ये केंद्र सरकारने शारीरिक शिक्षण आणि रंजन यांसाठी एकच सल्लागार मंडळ नेमलं आणि १९५६ मध्ये दोन्हींचा मिळून राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध झाला. शाळा सुटल्यावर, काम संपल्यावर, म्हातारपणी माणसाने मोकळा वेळ कसा घालवावा याची सोय करणं हीदेखील शिकण्यासारखी विद्या आहे, असं तेव्हा कागदावर मान्य झालं. महाराष्ट्रात ती थोडीफार उतरली गिरणगावात. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळ झालं. त्याच्या केंद्रांत कॅरमपासून कबड्डीपर्यंत, शिवणवर्गापासून नाट्यस्पर्धेपर्यंत सगळं चालतं, आणि ते चालवायला पगारी माणूस असतो. पण हे सगळं कारखान्याच्या भोंग्यामागे गेलं. शेतमजुराला कुठलं केंद्र? चारठाण्यासारख्या गावाचं रंजन आजही सप्ताह, भजन, जत्रा आणि पारावरच्या गप्पांवर उभं आहे. त्यात गोडवा आहे, पण साठीच्या बाईला गुडघे हलते राहावेत म्हणून काय करावं, हे सांगायला तिथे कुणी नाही.

आता दुखऱ्या जागेकडे येऊ. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान हवं असं म्हटलं. पण शारीरिक शिक्षणाच्या माणसाबद्दल त्यात लिहिलं ते एवढंच की सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तर कला, कार्यशिक्षण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षणाला अर्धवेळ निदेशक द्यावेत. जिल्हा परिषदेच्या शाळांत 'अंशकालीन निदेशक' हा शब्द आला तो इथून. पट शंभरच्या आत असलेल्या खेड्यातल्या शाळेला तोही नाही. मग पीटीचा तास ज्याचा तास मोकळा असेल त्याच्याकडे जातो, नाहीतर गणिताच्या राहिलेल्या धड्याकडे. समग्र शिक्षा योजनेतून क्रीडासाहित्याला प्राथमिक शाळेला ५ हजार, उच्च प्राथमिकला १० हजार आणि माध्यमिकला २५ हजारांपर्यंत रुपये मिळतात. चेंडू येतात, दोऱ्या येतात. ते कपाटातून काढणारा माणूस येत नाही.

म्हणून दोन वर्षांच्या पदवीबद्दल बोलताना हात आखडतो. अभ्यासक्रम वाढवला हे योग्यच झालं. साठ मुलांच्या शरीराची जबाबदारी घ्यायला एक वर्ष अपुरं होतं. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाने तीन वर्षांच्या पदवीवर आणखी दोन वर्षं घालवायची, खोलीभाडं आणि मेसचे पैसे भरायचे, आणि पुढे कायमची जागाच नसावी, हा त्याच्यावर अन्याय आहे. राज्याने २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा केला. क्रीडाशास्त्र, क्रीडा व्यवस्थापन अशा नव्या वाटा त्यातून उघडतील. त्या वाटांना तोंड जिथे फुटायचं ते खेड्यातल्या शाळेचं मैदान आहे, आणि तिथली जागा आधी भरली पाहिजे. २०२३ च्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याने शारीरिक शिक्षण आणि स्वास्थ्य हा भाषा-गणिताच्या बरोबरीचा विषय मानला आहे. बरोबरीच्या विषयाला बरोबरीचा शिक्षक मिळावा, एवढी साधी मागणी.

मुलींच्या बाजूने पाहिलं तर ही गरज आणखी टोकदार होते. तालुक्याला संघ न्यायचा तर बरोबर बाई लागतात. बाई नसतील तर घरचे पाठवत नाहीत, आणि त्यांचं चुकतं असंही म्हणता येत नाही. पाळीच्या दिवसांत पळावं की नाही, पोट दुखतंय हे कुणाला सांगावं, हे प्रश्न मुलगी पीटीच्या मॅडमना विचारते. सरांना विचारत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला. महिलांची कर्णधार होती प्रियांका इंगळे. ज्या खेळाला पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये नियमांची चौकट दिली, तो मुलींना जगज्जेतेपदापर्यंत घेऊन गेला. या खेळाला लागतं काय? दोन खांब, फक्की, बारा मुली आणि त्यांना बसायचं कसं, उठायचं कसं, खो द्यायचा कसा हे दाखवणारं कुणीतरी.

ज्या गावात असा माणूस नाही तिथेही पळणं थांबलेलं नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही मोठ्या रस्त्यावर पहाटे पाचला निघालात तर ती दिसतात: अंधारात कडेकडेने धावणारी भरतीची पोरं. पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. त्यासाठी कुणी मोबाइलवर व्हिडिओ बघून सराव करतं, कुणी तालुक्याच्या गावी अकादमीला पैसे भरतं. अकादमी घेते ती उंची-छातीत बसणारी पोरं. बाकीच्यांशी तिचा संबंध नाही. म्हणजे फिरून वस्तादाचाच न्याय आला, फक्त आता त्याला फी आहे. डांबरावर रोज पळून नडगीचं हाड दुखू लागतं तेव्हा थांबायचं, मातीवर यायचं, आठवड्याला अंतर किती वाढवायचं, हे त्यांना सांगणारा माणूस शाळेच्या मैदानावर असता तर बरीच पोरं भरतीच्या दिवशी लंगडली नसती.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. जिथे बीपीएड झालेले सर किंवा मॅडम आहेत, तिथे पहिल्या पंधरवड्यात एक काम चालतं. बाहेरच्या माणसाला ते दिसतही नाही. एकेका मुलाची उंची, वजन, जागेवरून उडी, पन्नास मीटरची वेळ, पुढे वाकून बोटं कुठवर पोचतात त्याचा आकडा, सगळं वहीत उतरतं. पाचवीच्या एखाद्या मुलीचं वजन वर्षभरात वाढलेलंच नाही, हे अशा वहीत पहिल्यांदा दिसतं. एखादा पोरगा अनवाणी पळून सगळ्यांच्या पुढे निघाला, हेही तिथेच. मग पाऊस पडतो, मागच्या वर्षीच्या रेघा धुऊन जातात, गवत घोट्यापर्यंत येतं. ऑगस्टात उघडीप मिळाली की सर चार मुलांना हाक मारतात, कोपऱ्यातली खुंटी शोधतात आणि सुतळीवर तीन मीटरची पहिली गाठ मारतात.